मुठीचं वावर

"पण एवढ्यातलं कोणतं, बाबाजी? कोणतं झाड?"

खोडके साहेबांनी हे विचारलं तेव्हा ते वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. बाबाजी धुऱ्यावरच बसून तळपायातला काटा काढत होते.

"मले काय माईत?" बाबाजी म्हणाले.

…

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाई."

साहेबांनी आशेनं माझ्याकडं पाहिलं. मी मठातली बाई. वाती वळते, भाकरी टाकते, आणि तोंडाची फटकळ आहे असं अख्खं गाव सांगतं. मीही मान हलवली. बाबाजींनाच ठाऊक नाही तर मला कुठून ठाऊक असणार!

साहेब पुन्हा वावराकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी भीतीच म्हणेन.

आमचा मठ बोरखेडीच्या शिवेवर, काळ्या जमिनीत. आमच्याकडं पेरणीची एक रीत आहे. आपल्या वावरात मूठ धरायच्या आधी पहिली मूठभर सरकी मठाला द्यायची. सरकी म्हणजे कपाशीचं बी. ज्याच्या घरी जे वाण असेल ते द्यायचं, चांगलं-वाईट बघायचं नाही. बाबाजी त्या साऱ्या मुठी एका टोपल्यात ओततात, मठाची मागच्या सालाची सरकी त्यात कालवतात आणि मठामागच्या तुकड्यात पेरतात. त्याच कापसाच्या वाती वर्षभर समाधीपुढं जळतात. म्हणून त्या तुकड्याला सगळे मुठीचं वावर म्हणतात.

आता अशी सरमिसळ पेरल्यावर उगवणार काय? काहीही उगवतं. एकाचं पान भेंडीसारखं रुंद, तर दुसऱ्याचं बोटांसारखं चिरलेलं. कुणाला पिवळं फूल, कुणाला पांढरं. एक झाड गुडघ्याएवढं, त्याला खेटून उभं असलेलं माझ्या डोक्यावर. कुणाचा देठ लाल, कुणाचा कापूसच मुळी खाकी.

"ह्याला वावर म्हणायचं का जत्रा?" साहेब म्हणाले.

"जत्राच हाय," बाबाजी म्हणाले. "हरवल्यासारखं वाटून रायलं काय तुले?"

साहेब हसले नाहीत. एरवी हसले असते.

साहेब म्हणजे डॉक्टर दिवाकर खोडके. माणसांचे डॉक्टर नव्हेत बरं, कपाशीचे. मोठ्या संशोधन केंद्रात नवी वाणं तयार करतात. आमचं गाव हे त्यांच्या मामाचं गाव. लहानपणी सुट्टीत यायचे आणि बाबाजींच्या पाया पडायचे, ते अजून पडतात. स्वतःला बाबाजींचा शिष्य म्हणवून घेतात. बाबाजी मात्र त्यांना 'साहेब' म्हणतात, यातच काय ते समजून घ्या.

त्यांनी एक देशी वाण काढलं होतं. निर्मळ नावाचं. सगळी जवानी त्यात घातली. खरं सांगते, खोट काढायला जागा नव्हती त्या वाणात. मीही त्याच्या वाती वळल्यात. धागा लांब, मऊ, वळताना तुटायचं नाव नाही. आणि वावर बघावं तर शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहावीत तशी एका उंचीची झाडं. बोंडं एकदम धरायची, एकदम उकलायची. साहेब अभिमानानं सांगायचे, "मावशी, ह्यातलं कोणतंही झाड घ्या. त्याच्यात आणि दुसऱ्यात केसाचा फरक दाखवा, मी नाव बदलतो."

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. आमच्या बाजूच्या शिवारांत दुसरं काही दिसेनासं झालं. मठात येणाऱ्या मुठीही निर्मळच्याच. बाबाजी दर साली टोपल्यात हात घालायचे, सरकी चाळवायचे, "हंऽ" म्हणायचे आणि पेरायचे.

आणि ह्या साली मर आली.

मर हा मातीतला रोग. बुरशी मुळातून आत शिरते, झाडाच्या पाण्याच्या नळ्या बुजवते, आणि चांगलं बोंडावर आलेलं झाड उभ्या उभ्या मान टाकतं. एक गेलं की शेजारचं जातं. शेजारचं वाचायला त्याच्यात काही वेगळं असायला पाहिजे ना? निर्मळमध्ये वेगळं काही नव्हतंच. दसऱ्यापर्यंत शिवारंच्या शिवारं वाळलेल्या काड्या झाली. वर पुन्हा ही बुरशी मातीतून जात नाही. पुढल्या साली तेच बी पेरलं तर बोटभर रोपच जमिनीवर आडवं होणार.

साहेबांना हवं होतं मर सोसणारं झाड. एक मिळालं तरी चालणार होतं. त्याचं बी धरायचं, निर्मळशी त्याचा संकर करायचा, आणि वाण वाचवायचं. केंद्रातली जुनी बियाणी त्यांनी आजारी मातीत पेरून पाहिली होती. पण तीही यांनीच वर्षानुवर्षं निवडून निवडून एकसारखी केलेली. सगळी मेली.

मग त्यांना आमचं मुठीचं वावर आठवलं. इथंही मर आली होती. निर्मळची झाडं मेली होती, पण सगळं वावर मेलं नव्हतं.

"बाबाजी, मला ह्यातलं बी पाहिजे."

"ने."

"कोणतं नेऊ तेच विचारतोय मघापासून!"

"आधी निंदून दे. मंग पाहू."

ही आमची दुसरी रीत. मुठीच्या वावरातून काही न्यायचं असलं तर आधी त्यात निंदण करायचं. पाटील असो की तहसीलदार असो. दसऱ्यानंतर पाऊस येऊन गेल्यामुळं गवतही माजलं होतं. साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझ्या हातचं खुरपं घेतलं आणि बसले.

कामाला माणूस वाघ आहे, त्यात खोटं नाही. मी भाकरी टाकायला आत गेले तेव्हा त्यांची एक ओळ झाली होती.

तुकडा लहानच. दुपार कलायला लागली तशी मी भाकर-बेसनाचं टोपलं डोक्यावर घेऊन निघाले. धुऱ्यावर पोचले आणि पायच थांबले.

धुऱ्यावर गवताचा ढीग होता. त्या ढिगाला टेकून दुसरा ढीग होता, तो कपाशीचा. मुळासकट उपटलेली झाडं. बुटकी, वाकडी, केसाळ पानाची, लाल देठाची. हिरवी बोंडं तशीच लोंबत होती.

"अगं माय!" माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "हे काय करून ठेवलं, साहेब?"

"साफ केलं, मावशी." साहेब घाम पुसत उठले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर जरा तरतरी होती. "भेसळ किती होती ह्यात! बघा आता."

मी बघितलं. वावर भादरल्यासारखं दिसत होतं. उंच, सरळ, मोठ्या बोंडाची तेवढी झाडं उभी होती. त्यातलं निर्मळचं वाळलेलं सगळं त्यांनी काढलं होतं, आणि कुरूप दिसलं तेही काढलं होतं. जे राहिलं ते लग्नातल्या वऱ्हाडासारखं नटून उभं होतं.

त्यांचाही काय दोष म्हणा. ही वाणं काढणारी माणसं वावरातून चालतात तीच मुळी हात पुढं करून. शंभरात एक झाड वेगळं दिसलं की ते भेसळीचं, ते उपटायचं, नाहीतर वाण बिघडतं. उभी जिंदगी हेच केलेलं. डोकं भलतीकडं असलं तरी हात आपलं काम करत राहतो.

बाबाजी कडुनिंबाखाली बसले होते. निंदण सुरू झाल्यापासून तिथंच होते. ढीग वाढताना त्यांना दिसला नसेल असं मी तरी मानत नाही. मी तणतणत त्यांच्याकडं गेले, तर त्यांनी नुसता हात वर केला. थांब म्हणून.

मग उठले. ढिगातलं एक झाड उचललं. चांगलं वाकडंतिकडं, सुपारीएवढ्या बोंडांचं. ते साहेबांच्या हातात दिलं.

"हे काऊन उपटलं?"

"हे?" साहेबांनी ते फिरवून बघितलं. "ह्यात काय आहे, बाबाजी? बोंड बारीक. धागा आखूड निघेल. आणि किती उशिराचं! दसरा झाला तरी एक बोंड उकललेलं नाही."

"मेलं व्हतं?"

"नाही…"

"सुकलं व्हतं?"

"नाही, तसं ताजं होतं. पण…"

…

मी त्यांच्याकडं बघत होते. चेहऱ्यावरचा घाम होता तिथंच राहिला आणि चेहरा मात्र पार उतरला.

त्यांनी खुरप्याच्या टोकानं ते खोड उभं चिरलं. मरीची ही पक्की खूण असते. झाड वरून हिरवंगार असू द्या, रोग आत शिरला असला की खोडाच्या आत तपकिरी-काळी रेघ दिसते.

आत रेघ नव्हती. काकडी चिरावी तसं स्वच्छ पांढरं होतं.

साहेब धावत वावरात गेले. एक उंच, देखणं झाड धरलं, खालची फांदी मोडून चिरली. आत काळी रेघ. दुसरं चिरलं. रेघ. तिसरं, चौथं… सगळ्यांत रेघ. वरून नटलेलं ते वऱ्हाड आतून कधीच आजारी पडलं होतं. महिन्याभरात माना टाकणार होतं.

परत ढिगाकडं आले. गुडघ्यावर बसून एकेक उपटलेलं झाड चिरत सुटले. काही काळी निघाली. पण पांढरी, पांढरी, पुन्हा पांढरी… थांबायलाच तयार नव्हती.

"हेच शोधत होतो मी," ते म्हणाले. "सकाळपासून हेच शोधत होतो. आणि माझ्याच हातानं…"

खुरपं हातातून गळलं. एवढा मोठा माणूस ढिगावर डोकं ठेवून रडायला लागला. मला राग आला होता तो कुठल्या कुठं गेला. वाईट वाटायला लागलं.

बाबाजी म्हणाले, "कौसल्ये, भाकर वाढ."

"भाकर कसली वाढता!" मी म्हटलं.

"भुका हाय थो."

भुका कसला! घासाला शिवले नाहीत साहेब. डोळे पुसले आणि विहिरीवर गेले. बादलीनं पाणी आणायचं, खड्डा करायचा, उपटलेलं झाड त्यात उभं करायचं, माती दाबायची, पाणी घालायचं. असं सूर्य बुडेपर्यंत चाललं. कपाशीचं सोटमूळ एकदा तुटलं की ते झाड लागत नाही, हे आमच्या गावातलं कोणीही सांगेल. साहेबांना तर ते आमच्यापेक्षा बरं माहीत. तरी लावत होते. मीही पाणी ओढू लागले, बघवेना म्हणून.

दिवेलागणीला सगळी झाडं मान टाकून पडली होती.

"पहिल्या वेचणीची सरकी असेल ना, मावशी?" त्यांनी ओट्यावर बसून विचारलं. "त्यात ह्यांचं बी…"

"ह्यांचं एक बोंड तरी उकललं होतं का? तुम्हीच म्हणालात ना, उशिराची झाडं म्हणून. वेचला तो त्या नटव्यांचा कापूस."

"तरी बघू द्या. कुठाय ती सरकी?"

काय सांगणार! मी गोठ्याकडं बोट केलं. आमची कपिली गाय निवांत रवंथ करत होती.

"आणि मठाची जुनी सरकी?"

"सगळी पेरली साहेब. उगवून तुमच्यापुढंच उभी होती."

…

बाबाजी आतून कंदील घेऊन आले. पडलेल्या झाडांतलं एक उचलून त्यांनी त्याचं बोंड चिमटीत दाबलं. साहेबांपुढं धरलं.

साहेबांनीही दाबलं. दोन बोंडं दाबली, तीन दाबली.

"टणक आहेत काही," ते हळूच म्हणाले. "पण अजून पंधरवडा तरी झाडावर राहायला हवी होती. आत बी भरलं असेल की नाही… सांगता येत नाही, बाबाजी. मला खरंच सांगता येत नाही."

"मले बी नाई," बाबाजी म्हणाले. "टांग."

मग आम्ही तिघांनी मिळून ती सगळी झाडं पडवीच्या आढ्याला उलटी टांगली. मुळं वर, बोंडं खाली. खोडात जो काही रस उरला असेल तो तरी बोंडाला मिळावा म्हणून. दुसऱ्या दिवसापासून दर्शनाला येणारा प्रत्येक जण पडवीत वाकून शिरायला लागला. काही जणांना वाटलं, बाबाजींनी नवीन व्रत सुरू केलं. एक बाई तर झाडाला हळदकुंकू वाहून गेली. मी काही बोलले नाही. वाहू दे, म्हटलं, वेळ पडली तर आपल्याला तिचीही मदत लागेल.

साहेब मठातच राहिले. केंद्रात फोन करून काय सांगितलं कोण जाणे. दिवसभर पडवीत बसायचे आणि वर बघायचे. बसून बसून काय करणार, म्हणून मी त्यांना माझ्याबरोबर वातींना बसवलं. तर काय करावं ह्या माणसानं? कापसातला खाकी कापूस वेगळा काढून बाजूला ढीग करायला लागला!

मी हातावर चापट मारली.

"अरे!" ते स्वतःच दचकले. "मी कधी सुरू केलं हे?"

"मला विचारता?"

त्यांनी आपल्या हाताकडं असं बघितलं, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा आहे. आणि मग हसायला लागले. मीही हसले. त्या आठवड्यात पडवीत कुणी हसल्याचं तेवढंच आठवतं.

बाबाजींवर मात्र माझा राग धुमसत होता. साहेब आंघोळीला गेलेले बघून मी त्यांना गाठलंच.

"तुम्ही झाडाखाली बसून होता. तुम्हाला दिसत होतं. थांबवलं का नाही?"

बाबाजींनी डोळे मिचकावले.

"मले वाटलं, शिकेल माणूस हाय, समजून करत अशीन."

आता ही थट्टा होती की खरंच तसं वाटलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या माणसाचं काहीच कळत नाही.

बोंडं वाळत चालली. काही काळी पडली, आतून कुजून पिचली, दाबली की पाणी सुटायचं. साहेब ती उतरवून बाजूला टाकायचे. एकदा दोघंच असताना मी त्यांना बाबाजींशी बोलताना ऐकलं.

"बाबाजी, निर्मळ गेलं तर गेलं. मी दुसरं काढीन. पण ही माणसं माझ्या शब्दावर पेरत आलीत. घराघरांतून बाकीचं बी गेलं ते माझ्यामुळं. मी भाषण करून सांगितलं होतं, जुनं टाका म्हणून. आता त्यांना परत द्यायला जे होतं तेही मी उपटलं."

"हंऽ," बाबाजी म्हणाले.

"काहीतरी बोला ना!"

"बोंड पाय. थे उकलून रायलं."

साहेबांनी मान वर केली. मी चुलीपुढून धावत आले, हातात फुंकणी तशीच.

खरंच. एका बोंडाची शिवण फाटली होती. आत जरासं पांढरं दिसत होतं, बाळाचा पहिला दात दिसावा तेवढंच. संध्याकाळपर्यंत आणखी काही फाटली. कापूस कसला, चिमणीच्या पिसासारखा मळका, चुरगळलेला. वातीच्याही कामाचा नव्हता. पण साहेबांनी तो असा वेचला की सोनाराचं दुकान वेचत असावेत.

बाबाजींनी सगळा एकाच टोपल्यात टाकायला लावला. साहेबांनी एकदा तोंड उघडलं, कोणतं कोणत्या झाडाचं ते वेगळं ठेवायला हवं म्हणून, आणि मिटलं. मी माझ्या बोटांनी सरकी सोडवली. पाण्यात टाकली. कितीतरी वर तरंगली, ती फोल. पण काही तळाशी जाऊन बसली.

"अजून काही खरं नाही," साहेब म्हणाले. "जड आहे म्हणून उगवेलच असं नाही."

तळाच्या सरकीतली चिमूटभर त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळली. ते गोणपाट माझ्या चुलीशेजारी उबेला ठेवलं. मी रात्री उठून त्यावर पाणी शिंपडत होते आणि साहेबही उठून शिंपडत होते. शेवटी बाबाजी आतून ओरडले, "बुडवून मारान तिले!" मग दोघेही निजलो.

उघडायच्या दिवशी साहेबांच्या हातून गाठ सुटेना. मीच सोडली.

गोणपाट उलगडलं.

…

पहिल्या घडीत काही नव्हतं. सरकी तशीच, मेल्यासारखी. एक बुरसलेली. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

मी दुसरी घडी उलगडली आणि त्यांचा दंडच धरला.

"साहेब, बघा. अहो बघा!"

कोंब होते. पांढरे, वाकडे, नखाएवढे. एका सरकीला, तिच्या शेजारच्या दुसरीला. एक लाल झाक असलेला. एक चांगला लांब, एक नुकताच तोंड काढलेला. तिसऱ्या घडीत आणखी होते.

साहेब भिंतीला टेकून खाली बसले. "जगलं," म्हणाले. "जगलं बाबा…" आणि रडले. पण आता रडणं वेगळं होतं. मीही पदर डोळ्याला लावला. छातीवरून जातं उचलावं तसं हलकं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. इतके दिवस मी ह्या माणसाला रागवत होते, समजावत होते, आणि आतून माझाही जीव टांगलेलाच होता. ते बी गेलं असतं तर मी पुढल्या साली वाती कशाच्या वळणार होते?

बाबाजी आले. वाकून कोंब बघितले. आणि त्यांनी काय केलं असेल? साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्यांदा. आतापर्यंत साहेबांनीच पाया पडायचं चाललं होतं.

"आता जेव," म्हणाले.

आणि साहेब जेवले! भाकरी मोजल्या नाहीत मी, पण पीठ मात्र पुन्हा मळावं लागलं. ठेचा मागून घेतला, कांदा बुक्कीनं फोडला, मामाच्या गावाला आलेल्या पोरासारखे तोंड भरून बोलत होते. बोलणंही बाबाजींसारखं झालं होतं, "मले दे", "लय झालं, मावशी". केंद्रातलं मराठी कुठं गेलं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. तळाच्या सरकीतली अर्धी बाबाजींनी मठाच्या मडक्यात ठेवली. अर्धी मी फडक्यात बांधून साहेबांना दिली. त्यांनी ती शर्टाच्या आत ठेवली. बाबाजी वेशीपर्यंत पोचवायला निघाले, मी मागून.

वाटेत साहेब सगळा बेत सांगत होते. ही सरकी केंद्रातल्या आजारी मातीत पेरायची. मरतील ती मरतील. तगतील त्यांचं फूल धरून निर्मळशी संकर करायचा. मग त्यांची लेकरं पुन्हा आजारी मातीत. दोन-चार साल जातील, पण निघेल. नक्की निघेल.

बाबाजी "हाव, हाव" म्हणत चालले होते.

वेशीपाशी साहेब थांबले. छातीवरच्या फडक्यावर हात ठेवून जरा घुटमळले.

"एक इचारू, बाबाजी?"

"इचार."

"ह्यातलं माझ्या कामाचं एखाद-दुसरंच निघेल. बाकीचं… म्हणजे मर सोसेल, पण धागा आखूड, बोंड बारीक, खाकी, काहीबाही. केंद्रात ते ठेवायला जागा नसते. दर साली किती सांभाळणार? कामाचं तेवढं काढून घेतलं की उरलेल्या सरकीचं काय करू?"

मी कपाळावर हात मारला. एवढं रामायण झालं आणि हा माणूस पुन्हा तिथंच!

साहेबांना ते दिसलं असावं. त्यांचा आवाज खाली आला.

"फेकून देऊ?"

"हाव," बाबाजी म्हणाले. "फेकून दे."

साहेब बघतच राहिले. मीसुद्धा.

"खरंच फेकू?"

"हाव त."

…

साहेबांनी छातीवरचं फडकं घट्ट धरलं. बाबाजींच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा बाबाजींकडं.

"कुठी फेकू, बाबाजी?"

बाबाजी मठाकडं वळले होते. चालता चालताच म्हणाले,

"वावरात."